पानात वाढलेला तुकडा

बुवापाडा, अंबरनाथ
१० नोव्हेंबर २०२४

चि. मैत्रेयी,
जय भीम.

तू माझा फोन उचलत नाहीस. त्याबद्दल मी रागावलेलो नाही. पण फोन वाजू देता येतो, पत्राचं तसं नाही. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. म्हणून कंपनीतून रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीवरच्या पोरीनं विचारलं, "काका, स्पीड पोस्ट करायचंय?" म्हटलं, नको, साधंच जाऊ दे, माझ्या सुनेला कसली घाई नाहीये.

सई भुसावळात मामाकडे रमली का? दिवाळीची सुट्टी संपली. तिच्या शाळेतल्या बाई मला नाक्यावर भेटल्या आणि कधी येणार विचारत होत्या. मी म्हटलं, येईल या आठवड्यात. काहीतरी सांगावं लागतं.

हे पत्र कल्पेशला दाखवू नकोस. तुझा भाऊ साधा पोरगा आहे, त्याच्या डोक्यात काही जायला नको.

आता मुद्द्याचं. त्या संध्याकाळी जेवताना जे झालं त्याची अर्धीच बाजू तुझ्यासमोर घडली. उरलेली अर्धी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, राजसी मॅडमच्या खोलीत घडली होती. ती तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

तुझी सासू, आमची द्रौपदी, दर गुरुवारी मॅडमकडे जाते आणि मी सोबत जातो, एवढं तू बघितलंस. तिथं काय चालतं ते तू कधी विचारलं नाहीस, आम्हीही सांगितलं नाही. खाली जीन्सचं कटिंग चालतं, वर मॅडमची खोली. मशीनचा आवाज जिन्यातून येतच असतो. आपला मुकेश त्याच गल्लीत शिलाई मशीन दुरुस्त करत फिरायचा. पहिल्या दिवशी द्रौपदी जिन्यातच बसली आणि म्हणाली, "ही झुकी कंपनीची मशीन आहे, हिचा आवाज मुकेशला बरोबर कळायचा." मॅडम वरून खाली आल्या आणि तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. तिथंच माझं त्यांच्याबद्दल बरं मत झालं.

त्यांच्या मनाच्या उपचाराला सीबीटी म्हणतात. मला आधी वाटलं रक्ताची तपासणी असेल. तसं नाही. मनात जो विचार पक्का होऊन बसलाय तो समोर काढायचा, उलटा-पालटा करून बघायचा, आणि मग घरी काहीतरी करून बघायला देतात. सुरुवातीला दर वेळी विचारतात, "आज मनावरचं ओझं दहापैकी किती?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुझी सासू म्हणाली, "किलोत सांगू का?"

तर त्या गुरुवारी मॅडमनी मलाही आत बसवलं होतं. त्यांनी द्रौपदीला विचारलं, "मुकेशच्या जाण्याला तुम्ही किती जबाबदार आहात असं वाटतं?"

"सगळीच."

"म्हणजे शंभर टक्के?"

"एकशे एक."

मॅडमनी कागदावर एक मोठा गोल काढला. म्हणाल्या, "त्या दिवशी अजून काय काय होतं, कोण कोण होतं, ते सांगा. प्रत्येकाला यातला एक भाग देऊ. तुमचं नाव सगळ्यात शेवटी लिहायचं." द्रौपदी गोलाकडे बघत म्हणाली, "ही काय भाकरी आहे का वाटायला?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, "हो, भाकरीच समजा."

मैत्रेयी, सगळा घोटाळा त्या एका वाक्यात झाला. मॅडम बदलापूरच्या, शिकलेल्या घरच्या. त्यांनी ते बोलायला सोपं म्हणून म्हटलं. घरी जाऊन कागदावर पुन्हा एकदा करून बघा म्हणाल्या. आमच्या बाईसाहेबांनी कागद घेतला नाही, परात घेतली.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. बऱ्याच महिन्यांनी ती चुलीसमोर, म्हणजे गॅससमोर, ताठ उभी होती. मला बरं वाटलं होतं. ज्वारीची मोठी भाकरी केली आणि आपल्या तिघांसमोर ती तोडायला लागली. हा रस्त्यावरच्या खड्ड्याचा. हा अचानक ब्रेक मारणाऱ्या टँकरवाल्याचा. हा बंद पडलेल्या दिव्याचा. हा मुकेशचा स्वतःचा, एका हातानं गाडी चालवत फोन उचलला म्हणून. एक माझ्या पानात टाकला, गाडी मी घेऊन दिली होती म्हणून. मी मूर्खासारखा म्हटलं, वर लसणाची चटणी पण वाढ. मला वाटलं, बोलतेय, मोकळी होतेय.

मग तिनं एक तुकडा तुझ्या पानात ठेवला. "हा तुझा. मुकेशचं हेल्मेट तू कल्पेशला दिलंस."

आपल्या घरात पानात वाढलेलं टाकायचं नाही हा नियम माझाच. माझ्या बापानं तो मला शिकवला, मी मुकेशला शिकवला, तू तो पहिल्या दिवसापासून पाळलास. तू तो तुकडा खाल्लास. पाणी प्यायलीस, सईचं तोंड पुसलंस, भांडी घासलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅग भरून म्हणालीस, दिवाळीला जाऊन येते.

मला एवढंच सांगायचंय की तो तुकडा तुझा नाही. हे ऐकून घे, मग हवं तर पत्र फाड.

आई बरी आहे. काळजी करू नकोस.

तुझे बाबा,
किसन


बुवापाडा
२४ नोव्हेंबर

चि. मैत्रेयी,
जय भीम.

उत्तर आलं नाही. ठीक आहे. पोस्टमन मला बघून आता सायकलवरूनच मान हलवतो.

मी मॅडमना सगळं सांगितलं. द्रौपदी खाली मान घालून बसली होती, तिनं सांगू दिलं. मॅडमनी विचारलं, "खरंच भाकरी केली? खरंच पानात वाढली?" मग त्यांनी पेन खाली ठेवलं. खाली कुणी तरी जोरात भांडत होतं. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे, काकू. मी नीट सांगायला हवं होतं. हे भाग कुणाला द्यायचे नसतात. एका गोष्टीला किती कारणं असतात एवढंच बघायचं असतं. कारण असणं आणि गुन्हा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

द्रौपदी म्हणाली, "मग कारणाचं करायचं काय? ठेवायचं कुठं?"

मॅडम म्हणाल्या, "हे मलाही विचार करून सांगावं लागेल." मला ते आवडलं. डॉक्टर लोक सहसा लगेच उत्तर देतात.

मॅडमनी एक विचारलं ते तुझ्यासाठी लिहून ठेवतो. त्यांनी द्रौपदीला विचारलं, "त्या दिवशी मुकेशला फोन लावताना तुम्हाला काय माहीत होतं?" ती म्हणाली, "मेथी संपली होती, एवढंच." "तो गाडीवर आहे हे माहीत होतं?" "नाही. मला वाटलं दुकानात असेल." मॅडम म्हणाल्या, "मग जे नंतर कळलं, ते आधीच माहीत असल्यासारखी शिक्षा तुम्ही स्वतःला का देताय?" येताना शेअर रिक्षात द्रौपदी मला म्हणाली, "पोरीला पण हे विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. वाढून मोकळी झाले."

म्हणून मी विचारतो. हेल्मेट देताना तुला काय माहीत होतं? कल्पेश तेव्हा बदलापूरला कामाला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची लायसनची टेस्ट होती, हेल्मेटशिवाय उभं करत नाहीत. मुकेश स्वतः म्हणाला, दे ना, एक दिवसाचा प्रश्न आहे. मी तिथंच दाढी करत होतो, मी ऐकलंय. नऊ तारखेची संध्याकाळ आठ तारखेला कुणाला दिसते?

घरात बाकी सगळं ठीक. मी भाकरी थापायला शिकतोय. पहिली श्रीलंकेच्या आकाराची झाली. तुझी सासू हसली नाही, पण बघितलं तिनं.

बाबा


बुवापाडा
१५ डिसेंबर

चि. मैत्रेयी,

मी तुझ्याशी खोटं बोललो. घरात सगळं ठीक नाही. मी भाकरी थापतो कारण तुझ्या सासूनं तू गेल्यापासून परातीला हात लावलेला नाही. ती भात खाते, तोही मी समोर बसलो तर. तू गेलीस म्हणून तिनं सगळे तुकडे परत घेतले. खड्ड्याचा, टँकरचा, दिव्याचा, सगळे. म्हणते, आधी एक जीव खाल्ला, आता दोन माणसं घरातून घालवली.

एके दिवशी मॅडमनी तिला सरळच विचारलं, "काकू, मरून जावं असं मनात येतं का?" असं कुणी विचारतं का? पण द्रौपदी त्यांच्याकडे बघून अगदी साधेपणानं म्हणाली, "येतं." आणि रडली. मुकेशच्या दिवशी नव्हती रडली एवढी. मॅडमनी त्याच दिवशी गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला, मला बाजूला घेऊन घरात काय काय उचलून ठेवायचं ते सांगितलं, आणि गुरुवारच्या जोडीला सोमवारही दिला. आता गोळ्या सुरू आहेत. आता जरा झोप लागते तिला. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. तू घरातली आहेस म्हणून लिहितो.

सहा डिसेंबरला आम्ही दादरला गेलो नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. विहारात मेणबत्ती लावली आणि परत आलो.

मॅडमनी एक काम दिलं होतं. द्रौपदीला पक्कं वाटतं की गल्लीतल्या सगळ्या बायका तिला पोरगा खाल्लेली म्हणतात. मॅडम म्हणाल्या, "म्हणतात की नाही ते विचारूनच बघू." प्रश्नही त्यांनीच बांधून दिला. एका आईनं भाजी आण म्हणून मुलाला फोन केला, तो गाडीवर होता, अपघात झाला. तुम्ही त्या आईला काय म्हणाल? द्रौपदी विचारायला तयार होईना, मग मी गेलो. म्हातारा माणूस वही घेऊन दारोदार प्रश्न विचारत फिरतोय, लोकांना वाटलं पुन्हा निवडणूक आली.

बनूबाई म्हणाली, देवाची मर्जी. कुणी म्हणालं, पोरं ऐकत नाहीत हो, गाडीवर मोबाइल. एकीनं दार लावून घेतलं. तेही मी मॅडमना सांगितलं, लपवलं नाही. शेवटी शेजारची विठा. ती लसूण सोलत होती. तिनं हात थांबवला आणि म्हणाली, "भाऊ, मी रोज फोन करते पोराला. कुठं आहेस, कधी येतोस, येताना दूध आण. आजपण केला. तो गाडीवरच होता, उचलला, मला शिव्या दिल्या आणि घरी आला. मी काय वेगळं केलं द्रौपदीपेक्षा? माझा आला, एवढंच."

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा द्रौपदीनं मला दोनदा म्हणायला लावलं. मग उठून विठाच्या दारात गेली आणि लसूण सोलायला बसली. अर्धा तास दोघी नुसत्या सोलत होत्या. मी खिडकीतून बघत होतो आणि मला मुकेशची एवढी आठवण आली की मी नळ सोडून तोंड धूत राहिलो.

काल सईच्या शाळेत जाऊन दाखला घेतला. तू शाळेला फोन केला होतास म्हणे. मला केला असतास तरी मी दाखला घेतलाच असता. सोबत पाठवतो आहे. सईच्या बाईंनी तिची चित्रकलेची वहीही दिली. तीही यात आहे. पहिल्या पानावर आपलं घर आहे आणि दारात पाच माणसं आहेत.

बाबा


बुवापाडा
१९ जानेवारी २०२५

चि. मैत्रेयी,
जय भीम.

तुझं पत्र आलं. पोस्टमन सायकलवरून उतरून, हातात देऊन गेला. एवढंसं पत्र. ते मला पाठ झालंय. पुन्हा लिहून काढतो, म्हणजे मी बरोबर वाचलं की नाही ते तुला कळेल.

"बाबा, पत्रं मिळाली. आईंनी खोटं काय सांगितलं? हेल्मेट मीच दिलं. इतके महिने मी वाट बघत होते की कुणीतरी हे म्हणावं. तुम्ही दोघं माझ्याशी एवढं चांगलं वागत होतात की मला घास उतरत नव्हता. त्या दिवशी उतरला. पण आता त्या घरात बसून रोज जेवणं मला जमणार नाही. सई ठीक आहे. मला एका लॅबमध्ये काम मिळालंय, कल्पेशची स्कूटी घेऊन जाते. त्याला हेल्मेटचं काही माहीत नाही, कळू देऊ नका. वर्षाच्या कार्यक्रमाला मी येणार नाही. रागावू नका."

मला आधी वाटलं, हे पत्र द्रौपदीला दाखवू नये. खिशात घालून स्टेशनपर्यंत जाऊन आलो. मग वाटलं, या घरात सगळे एकमेकांपासून चांगुलपणानं लपवतात, म्हणून तर हे झालं. घरी येऊन मोठ्यानं वाचून दाखवलं.

तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "ती पण?"

मी म्हटलं, काय ती पण?

"ती पण माझ्यासारखीच बसली होती? शेजारच्या खोलीत? एवढे महिने?"

एका भिंतीच्या दोन बाजूंना तुम्ही दोघी अख्खी भाकरी कुशीत घेऊन बसला होतात, आणि मी मधल्या दारात उभं राहून दोघींना चहा विचारत होतो.

रागावू नका म्हणतेस. मी रागावलोय. तुझ्यावर नाही. मुकेशवर. फोन वाजला तर गाडी बाजूला घ्यायची, एवढं त्याला सांगत आलो होतो मी. मेलेल्या पोरावर रागवायचं नसतं असं सगळे समजतात, पण मला राग येतो आणि मग राग आला म्हणून रडू येतं. मॅडमनी सांगितलं, येऊ द्या.

तर आता ऐक पुढचं. दुसऱ्या दिवशी वार कुठला ते न बघता तुझी सासू साडी नेसून तयार. कॅम्प तीनला गेलो. खालच्या मेडिकलवाल्या सिंधी शेटनं सांगितलं, "चाचा, मॅडम बिझी है, बैठो." ती जिन्यात बसून राहिली. मॅडम मोकळ्या झाल्यावर आत जाऊन म्हणाली, "मला सुनेला फोन करायचाय."

तुला आठवतं ना, मुकेशच्या दिवसापासून तिनं मोबाइलला हात लावलेला नाही. सईशी बोल म्हटलं तरी लांब सरकायची. तो मोबाइल पिठाच्या डब्यामागे बंद पडून होता. मॅडम म्हणाल्या, "फोन केला तर काय होईल असं वाटतं?"

"उचलेल आणि मरेल."

"किती खात्री?"

"दहापैकी नऊ." किलो वगैरे काही नाही. सरळ सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "फोननं काही होत नाही असं मी तुम्हाला म्हणणार नाही. एकदा झालंय. पण प्रत्येक फोन हा तो फोन असतो का, ते आपण बघू या." मग पायऱ्या ठरल्या. आधी मोबाइल चार्ज करून नुसता मांडीवर ठेवायचा. मग घरातल्या घरात मला लावायचा, मी मोरीत, ती ओट्याशी. ते जमल्यावर मी रस्त्यावर असताना लावायचा. छातीत धडधडलं तरी कापायचा नाही, धडधड खाली येईपर्यंत थांबायचं.

मोबाइल मांडीवर घेऊन ती तापाच्या पोराला घेऊन बसावं तशी बसायची. मोरीतला फोन तिसऱ्या प्रयत्नाला झाला. मी "हॅलो" म्हटल्यावर तिनं बाहेरून ओरडून विचारलं, "आहात ना?"

मग परवा मला उल्हासनगरला पाठवलं. कॅम्प दोनच्या बाजारातून परत येताना शेअर रिक्षात होतो, बाजूला दोन पोरं, मांडीवर पिशवी. फोन वाजला. नाव आलं, द्रौपदी. वर्षभर ते नाव त्या स्क्रीनवर आलं नव्हतं. मी उचलला. पलीकडे नुसता श्वास. घाट चढल्यासारखा. मी म्हटलं, "बोल, मी ऐकतोय. रिक्षात बसलोय, रिक्षावाला चालवतोय." तरी नुसता श्वास. मी फोन कानाला लावून बसलो. अंबरनाथचा नाका आला. श्वास जरा हळू झाला.

मग ती म्हणाली, "येताना मेथी आणा."

मैत्रेयी, मी रिक्षात लहान पोरासारखा रडलो. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "क्या हुआ काका? घर पे सब ठीक?" मी म्हटलं, "हां, ठीक है. मेथी लेने का है."

दारात आलो तर ती उभी. मेथी घेतली नाही. आधी माझं डोकं चाचपलं, खांदे, हात. मग म्हणाली, "आलात." रात्री मेथीची भाजी झाली. भाताबरोबर खाल्ली. भाकरी अजून नाही.

ती तुला फोन करणार आहे. कधी ते मी सांगत नाही, तिचं तिला ठरवू दे. तिला तुला एकच वाक्य सांगायचंय. मॅडमसमोर ते म्हणून म्हणून पक्कं केलंय. मॅडम तू झाल्या होत्या. मग मॅडम म्हणाल्या, आता तुम्ही मैत्रेयी व्हा. तुझी जागा घेऊन ती खुर्चीत बसली आणि तिला एक शब्द बोलता येईना. फक्त पदरानं तोंड पुसलं, तू सईचं पुसतेस तसं. मॅडमचेही डोळे भरले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

बाबा


बुवापाडा
१० फेब्रुवारी

चि. मैत्रेयी,
जय भीम.

काल वर्ष झालं. पुण्यानुमोदनाला गल्ली सगळी आली होती. जीन्सच्या कारखान्यातली त्याची मित्रमंडळी आली. त्रिशरण, पंचशील झालं. मुकेशच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावताना विठानं सईच्या नावानं एक लावली, तुझ्या नावानं द्रौपदीनं लावली. तू आली नाहीस याबद्दल कुणी काही बोललं नाही. एकीनं तोंड उघडलं होतं, द्रौपदीनं तिला पाणी आणायला पाठवलं.

लोक गेल्यावर ती ओट्याशी गेली आणि परात घेतली. हात अजून चालतात तिचे, पहिलीच भाकरी टम्म फुगली. माझ्या पानात ठेवली, अख्खी. मी म्हटलं, एवढी नको, अर्धी कर. ती म्हणाली, "तुमची तुम्ही तोडा. मी आता कुणाला तुकडा वाढणार नाही." स्वतःही एक घेतली. आम्ही दोघं जेवलो. मॅडमना ती मागे म्हणाली होती की कारणं ठेवायची कुठं. काल जेवताना म्हणाली, "काही कारणं कुणाचीच नसतात बहुतेक. पडून राहू द्यावीत." हे मॅडमनी शिकवलं की तिनं स्वतः काढलं, मला माहीत नाही. गुरुवारी विचारणार आहे.

आता जे सांगायचं त्यासाठी हे पत्र.

काल संध्याकाळी सातच्या सुमाराला तुझा फोन वाजला. माझा नंबर दिसला असता तर तू उचलला नसतास हे मला माहीत आहे. पण तो माझा नव्हता. तो तिचा होता, तिच्याच मोबाइलवरून. तू तो नंबर काढून टाकला असशील, किंवा बंद आहे असं धरून चालली असशील. कदाचित बघितलंही नसशील.

तिनं मला बाहेर जायला सांगितलं होतं. मी गेलो नाही, दाराआड उभा राहिलो. तिनं नंबर लावला आणि डोळे मिटले. रिंग माझ्यापर्यंत ऐकू येत होती. तिचा दुसरा हात परातीच्या काठावर होता, कोरड्या पिठात बोटं रुतली होती. रिंग वाजत राहिली. मध्ये एकदा तिनं अंगठा लाल बटणाजवळ नेला आणि परत मागे घेतला. मॅडमनी सांगितलं होतं, कापायचा नाही. शेवटपर्यंत वाजून तो आपोआप बंद झाला.

मला वाटलं आता संपलं. एवढ्या महिन्यांची मेहनत, गोळ्या, पायऱ्या, सगळं वाहून जाणार. आता ही म्हणणार, बघा, माझ्याशी तिला बोलायचं नाही. मी आत गेलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला तुझा राग आला.

तिनं मोबाइल पुसून ओट्यावर ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "उचलला नाही."

मी म्हटलं, अगं, कामात असेल.

"लॅबमधून यायची वेळ आहे. स्कूटीवर असेल." मग तिनं मोठा श्वास सोडला आणि तिचा चेहरा असा झाला की मी तो वर्षभर बघितला नव्हता. "उचलला नाही ते बरं केलं पोरीनं. गाडीवर उचलू नये."

एवढं म्हणून ती जमिनीवर बसली आणि मी तिच्या शेजारी. विठाच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

ते एक वाक्य काय आहे ते मला माहीत आहे, पण मी लिहिणार नाही. ते तिनं म्हणायचं आहे. तू परत ये असं त्यात नाही, एवढं सांगतो. तुला तिथं बरं वाटत असेल तर तिथंच राहा. सईला इथली आठवण आली तर वहीतलं पहिलं पान दाखव, दारातल्या माणसांची नावं विचार.

येत्या रविवारी संध्याकाळी ती पुन्हा लावणार आहे. हेल्मेट घालत जा. आणि फोन वाजला तर आधी गाडी बाजूला घे, स्टँडवर लाव, मग उचल. ती थांबेल.

तुझे बाबा,
किसन